दोन पराभवांचा आमदार

(सोलापूर येथील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'लोकप्रतिनिधी कसा असावा?' पत्रकाराला असा विषय देणे धोक्याचे असते. 'कसा असावा' या दोन शब्दांवर आम्ही मंडळी कितीही वेळ बोलू शकतो, आणि श्रोत्यांच्या पदरी काही पडत नाही. म्हणून मी संयोजकांची क्षमा मागून विषय थोडा वळवून घेतला. कसा असावा यापेक्षा आपल्याच जिल्ह्यात एक लोकप्रतिनिधी कसा होता, हे सांगावे असे ठरविले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख. तालुक्याचे 'आबासाहेब'.

हे नाव कळविले तेव्हा पलीकडून क्षणभर शांतता होती. मग प्रश्न आला, "ते तर लाल बावट्याचे ना?" होय, ते लाल बावट्याचेच होते. शेतकरी कामगार पक्षात ते आले आणि अखेरपर्यंत त्याच पक्षात राहिले. त्यांचा विचार आपला नव्हता आणि आपला विचार त्यांचा नव्हता. परंतु ज्याच्याशी आपले जमत नाही त्याच्याकडून काही शिकता आले, तर ते अधिक टिकते, असा माझा अनुभव आहे. शिवाय आपल्याला वाटते तितके हे अंतर नेहमीच मोठे नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५७ ची निवडणूक समितीने लढविली, तेव्हा त्या समितीत शेकापही होता आणि जनसंघही. पुढे १९७८ मध्ये पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे मंत्रिमंडळ आले. त्यात जनता पक्षाच्या वतीने पूर्वाश्रमीच्या जनसंघाचे उत्तमराव पाटील व हशू अडवाणी होते आणि त्याच मंत्रिमंडळात शेकापचे एन. डी. पाटील व गणपतराव देशमुखही होते. तेव्हा आजच्या तरुण कार्यकर्त्यांनी भुवया फार उंचावू नयेत.

आता ओळख करून देतो. सभागृहातील तरुण मंडळींना नाव ठाऊक असले तरी तपशील ठाऊक असेलच असे नाही. जन्म १० ऑगस्ट १९२६ चा. वकिलीचे शिक्षण घेतलेले. १९६२ मध्ये, महाराष्ट्र राज्याच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते सांगोल्यातून निवडून आले. त्यानंतर १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकूण अकरा विजय. शेवटचा विजय मिळाला तेव्हा वय होते ८८. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ते सभागृहात आले आणि देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना २०१९ मध्ये, वयोमानामुळे निवडणूक न लढविता, बाहेर पडले. ३० जुलै २०२१ रोजी येथेच, सोलापुरात, त्यांचे निधन झाले.

या अकरा विजयांविषयी आम्ही पत्रकारांनी एक गोंधळ करून ठेवला आहे, तो आधी दुरुस्त करतो. २००९ आणि २०१४ या दोन्ही वेळी वृत्तपत्रांनी करुणानिधींच्या विक्रमाशी बरोबरी, करुणानिधींचा विक्रम मोडला, असे मथळे दिले. काहींनी तर विश्वविक्रम म्हटले. हे खरे नाही. करुणानिधी तामिळनाडूच्या विधानसभेवर एकूण तेरा वेळा निवडून आले. मात्र कुळितलै, तंजावर, सैदापेट, चेपॉक, तिरुवारूर असे मतदारसंघ बदलत. केरळात के. एम. माणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले आणि ओमन चंडी पुदुप्पळ्ळीतून सलग बारा वेळा. तेव्हा केवळ आकडाच मोजायचा तर गणपतराव पहिले नाहीत. परंतु करुणानिधींच्या मागे सत्तेत येणारा-जाणारा बलाढ्य पक्ष होता. माणी आणि चंडी यांच्या आघाड्या आलटूनपालटून मंत्रालयात बसत होत्या. गणपतरावांच्या मागे असा पक्ष होता की जो स्वबळावर कधी सत्तेत आला नाही आणि हळूहळू लहान होत गेला. २०१४ मध्ये त्या पक्षाचे तीन आमदार उरले होते. सत्तेची ऊब नसताना एकाच मतदारसंघाने पुन:पुन्हा त्याच माणसाला निवडावे, ही त्यातील खरी नवलाची गोष्ट. तिला विक्रमाचे पाकीट लावण्याची गरज नव्हती.

दुसरा एक दोषही आमच्याच पदरात घालतो. गणपतराव म्हटले की आम्ही एसटीची गोष्ट सांगत आलो. आमदार असून एसटीने फिरतात, साधे राहतात, बडेजाव नाही. हे सारे खरे होते. सांगोल्यात कोणालाही विचारा. परंतु साधेपणाची गोष्ट छापायला सोपी असते. ती छापली की त्या माणसाने सभागृहात काय केले, कोणता प्रश्न किती वर्षे लावून धरला, हे शोधण्याचे कष्ट वाचतात. आपल्याकडे साधेपणाची पूजा करण्याची सवय आहे आणि पूजा झाली की काम विचारायचे नसते. मी स्वत: हे पाप केलेले आहे, म्हणून मोकळेपणाने बोलतो.

कामाकडे वळतो, आणि ते करताना अकरा विजय बाजूला ठेवून दोन पराभवांपाशी थांबणार आहे. विजयी झालेला आमदार काय करतो हे बहुतांशी ठरलेले असते. पराभूत झालेला काय करतो, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

पहिला पराभव १९७२ चा. बांगलादेशच्या युद्धानंतरची ती निवडणूक. इंदिराजींच्या लाटेत महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसने जिंकल्या. त्या लाटेत सांगोलाही वाहून गेला. आणि त्याच वर्षी पाऊस फिरला. १९७२ चा दुष्काळ म्हटला की आपल्या जिल्ह्यातील ज्येष्ठांना वेगळे काही सांगावे लागत नाही. खडी फोडणारे हात, नालाबांधाची कामे, परदेशातून आलेला तांबडा मिलो, सुकडीची पाकिटे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. सोलापूर जिल्हा हा त्या दुष्काळाच्या ऐन झळीतला. ज्या तालुक्याच्या वाट्याला पर्जन्यछायेतला जेमतेम पाऊस आणि बारा महिन्यांतले बहुतेक महिने कोरडी पडणारी माण नदी, त्या तालुक्याचे काय झाले असेल याची कल्पना करा.

अशा वेळी दहा वर्षे आमदार राहिलेला माणूस घरी बसलेला. वकिलीचे शिक्षण हाताशी. आणखी एक मार्गही होता, आणि तो त्या काळी रहदारीचा होता: काँग्रेसमध्ये जाण्याचा. शेकापचे संस्थापक केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हेच पन्नासच्या दशकात काँग्रेसमध्ये परतले होते. यशवंतराव मोहिते १९६० मध्ये गेले. 'बेरजेचे राजकारण' या नावाने ही भरती चालत असे. गणपतराव गेले नाहीत. १९७४ मध्ये सांगोल्यात पोटनिवडणूक झाली आणि त्याच झेंड्याखाली, त्याच लोकांनी त्यांना परत पाठविले.

या दुष्काळाने महाराष्ट्राला एक गोष्ट दिली, ती म्हणजे रोजगार हमी. तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर भागात तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली, १९७५ मध्ये तिच्यासाठी शहरांतील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ रोजी तो अमलात आला. त्या दिवशी महाराष्ट्रात पुलोदचे राज्य होते आणि गणपतराव मंत्रिमंडळात होते. पुढे १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते पुन्हा मंत्री झाले, तेव्हा त्यांच्याकडे पणन आणि रोजगार हमी ही खाती आली. मुंबईत ज्यांना वजनदार खाती म्हणतात, त्यांत रोजगार हमीची गणना होत नाही. परंतु सांगोल्याच्या माणसासाठी याहून मोठे खाते नव्हते. खडी फोडणाऱ्या गावांतून निवडून आलेल्याच्या हाती खडी फोडणाऱ्यांचे खाते आले होते. ही योजना नुसती खडी फोडीत राहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९० च्या सुमारास तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि ज्या माळावर बाजरीही धड येत नव्हती, तेथे डाळिंब उभे राहिले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधील शालिमारकडे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिला हिरवा झेंडा दाखविला. हे श्रेय कोणा एकाचे नाही. शेतकऱ्याचे, ठिबकचे, फळबाग योजनेचे, रेल्वेचे, सर्वांचे मिळून आहे. पण १९७२ चा सांगोला आणि २०२० चा सांगोला यांच्यात जे घडले, त्यातील बराच काळ त्या तालुक्याचा आमदार एकच होता, एवढे तरी नोंदवावे लागेल.

दुसरा पराभव १९९५ चा. शहाजीबापू पाटील यांनी तो केला, अवघ्या १९२ मतांनी. त्या वेळी मी पत्रकारितेत नवखा होतो. मतदान यंत्रे अजून आलेली नव्हती. मतपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे, मोजायचे, शंका आली की पुन्हा मोजायचे. दीडशे-दोनशे मतांचा फरक म्हणजे एखाद्या वाडीचे मतदान. अशा निकालानंतर माणूस आयुष्यभर त्या वाडीचे नाव घेत राहतो.

याही वेळी काळाचा योगायोग पाहा. १९९५ मध्ये युतीचे सरकार आले. कृष्णा पाणी तंट्यात बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले होते आणि २००० सालानंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. तोवर पाणी अडविले नाही तर हक्क जाईल, ही धास्ती सर्वपक्षीय होती. म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, कर्जरोखे काढले गेले आणि कऱ्हाडजवळ कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी पठारावर नेणाऱ्या टेंभू योजनेला चालना मिळाली. आपल्या विचाराच्या सरकारचे हे मोठे काम होते आणि त्याचा अभिमान आपण बाळगावा. परंतु पाणी कालव्यातून वाहू लागण्याआधी ते माणसांच्या मनातून वाहावे लागते. ते काम दुसरीकडे चालले होते.

वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरविण्यास प्रारंभ केला होता. सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील तेरा तालुके त्यात होते. अण्णांबरोबर गणपतराव होते, डॉ. भारत पाटणकर होते. मला यात अण्णांचे विशेष कौतुक वाटते; त्यांचा वाळवा कृष्णाकाठचा, उसाने हिरवागार. तहान त्यांच्या दाराशी नव्हती. या परिषदेचे म्हणणे असे की पाणी वर उचलून आणले आणि ते पुन्हा मूठभरांच्या उसाला गेले, तर दुष्काळ फक्त जागा बदलेल. म्हणून ते समन्यायी वाटले पाहिजे. वर्षानुवर्षे ही परिषद भरत राहिली. सत्ता कोणाची आहे हे न पाहता दरवर्षी तेच ठराव आणि तीच मागणी मांडणे कंटाळवाणे असते. त्यात बातमी नसते, म्हणून आम्हीही पुष्कळदा आतल्या पानावर चार ओळी देऊन मोकळे होत असू. गणपतराव १९९५ ते १९९९ सभागृहाबाहेर होते, तरी परिषदेच्या कामात होतेच. पुढे सभागृहात परत आल्यावरही प्रश्न तोच राहिला.

आता टीका. ती केली नाही तर हे भाषण श्रद्धांजली होईल, आणि श्रद्धांजलीचे भाषण आपल्याकडे सगळ्यांना येते.

गणपतरावांचे विरोधक पुष्कळ वर्षे म्हणत आले की, सांगोल्याने विरोधी बाकावरचा आमदार पोसला आणि त्याची किंमत पाण्यात मोजली. शेजारी माळशिरस पाहा, पंढरपूर पाहा. नीरेचे कालवे, उजनीचे पाणी, साखर कारखाने. सांगोल्याच्या वाट्याला नीरा उजव्या कालव्याचे शेपूट आणि टेंभू-म्हैसाळची आश्वासने. हा आरोप मला पूर्णपणे खोडता येत नाही. आपल्या राज्यात निधी कोणत्या वाटेने जातो हे मी तीन दशके पाहिले आहे. ते सत्ताधारी पक्षात गेले असते तर पाणी दहा वर्षे आधी आले असते का? कदाचित आले असते. मात्र या आरोपाची दुसरी बाजूही पाहावी. सत्तेबरोबर राहिलेले दुष्काळी तालुके याच राज्यात आहेत, आणि तेथे ना पाणी आले ना प्रश्न उरला. प्रश्न विचारणाराच सत्तेत जाऊन बसला. २००२ मध्ये शेकापने विलासरावांच्या सरकारचा पाठिंबा काढला, तेव्हा गणपतरावांचे मंत्रिपद गेले. पक्षाने सांगितले आणि खुर्ची सोडली. सांगोल्याच्या मतदाराने याचा राग धरला का, तर २००४ मध्ये त्याच मतदाराने त्यांना पुन्हा निवडून दिले.

जातीचे गणित मांडणारेही आहेत. ते धनगर समाजाचे, तालुक्यात तो समाज मोठा, मग नवल काय, असे म्हणतात. समाजाचा आधार होता हे उघड आहे. पण ते गणित १९७२ मध्येही तेच होते आणि १९९५ मध्येही. तेव्हा ते चुकले कसे, याचे उत्तर गणित मांडणाऱ्यांनी द्यावे.

माझा स्वत:चा आक्षेप वेगळा आहे. पन्नास वर्षे एकाच माणसाने एका पक्षाचा गड राखला, पण त्या गडावर दुसरा किल्लेदार घडविला नाही. २०१९ मध्ये ते उभे राहिले नाहीत आणि उमेदवारी अखेर त्यांच्या नातवाकडे, डॉ. अनिकेत देशमुखांकडे गेली. जो पक्ष आयुष्यभर विचाराचे नाव घेत आला, त्याला उमेदवार शोधताना घराचा उंबरठा ओलांडता येऊ नये, हे मला खटकले. शहाजीबापूंनी ७६८ मतांनी ती जागा घेतली. कार्यकर्ता घडविणे हे आमदाराचे काम नाही, असे कोणी म्हणेल. मग ते कोणाचे? गणपतरावांच्या हयातीत मी हे लिहिले नाही, याची आज थोडी लाज वाटते. मोठ्या वयाच्या माणसावर टीका करणे आपल्या संस्कारात बसत नाही, हे त्यामागचे कारण. ते पुरेसे कारण आहे असे मला आता वाटत नाही.

संस्था मात्र त्यांनी घडविल्या आणि त्या चालल्या. सोलापूरकरांना हे सांगताना मन हळवे होते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. या गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या शहराचे घड्याळ चालत असे, ते भोंगे एकेक करून थांबले. सहकारी सूतगिरण्यांची राज्यात काय अवस्था झाली तेही आपण पाहिले. कित्येक तर यंत्रे बसण्याआधीच आजारी पडल्या. त्याच काळात सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली, चालली आणि चांगली चालणारी गिरणी म्हणून नावाजली गेली. आमदाराच्या हातात सहकारी संस्था असणे ही आपल्याकडे शंकेची बाब झालेली आहे, आणि ती उगाच झालेली नाही. म्हणून हे उदाहरण मुद्दाम सांगितले.

एक हिशेब मी सहज करून पाहिला. १९६२ ते २०१९ ही सत्तावन्न वर्षे. त्यांपैकी सुमारे एक्कावन्न वर्षे ते सभागृहात होते. पुलोदची दीड-दोन वर्षे आणि १९९९ ते २००२ ही जवळपास तीन वर्षे मंत्रिपदाची. म्हणजे एक्कावन्नपैकी सेहेचाळीस वर्षे मंत्रिपदाविना, त्यातली बहुतेक विरोधी बाकावर. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, अर्थसंकल्पावरील कपात सूचना. मंत्र्याने दिलेले उत्तर टिपून ठेवायचे आणि पुढच्या अधिवेशनात त्याच उत्तराचे काय झाले ते विचारायचे. सभागृह रिकामे असते, पत्रकार कक्षात आम्ही चहाला गेलेलो असतो. आज विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक धरून उभे राहिले की सायंकाळपर्यंत राज्यभर चेहरा पोहोचतो. आयुधे तीच आहेत, ती वापरण्यासाठी लागणारी बैठक मात्र विरळ होत चालली आहे. आपल्या विचाराचे जे तरुण विधिमंडळात गेले आहेत त्यांच्याशीही मी या विषयावर वाद घालतो, आणि ते मनावर घेत नाहीत.

१३ ऑगस्ट २०२३ रोजी सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. देवेंद्र फडणवीस आणि शरद पवार एका व्यासपीठावर होते. त्या दिवसांतले राज्याचे राजकारण आठवून पाहा, म्हणजे ते व्यासपीठ किती अवघड होते ते लक्षात येईल. आम्ही सर्व पत्रकार अर्थातच पवारांनी आदल्या दिवशीच्या भेटीविषयी काय खुलासा केला याच्याच मागे होतो.

त्यानंतर २०२४ ची विधानसभा निवडणूक. २३ नोव्हेंबरला निकाल लागले, राज्यभर महायुतीची लाट होती, एकट्या भाजपाचे १३२ आमदार आले. त्या लाटेत सांगोल्यात महायुतीचे उमेदवार शहाजीबापू पाटील पराभूत झाले आणि गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापच्या चिन्हावर निवडून आले. त्या निवडणुकीत सबंध महाराष्ट्रात शेकापला मिळालेली ती एकमेव जागा. हे नातू म्हणून झाले, आजोबांच्या स्मरणाने झाले, पाण्यावरून झाले की महायुतीच्या मतांत फाटाफूट झाली म्हणून झाले, याचे उत्तर माझ्याजवळ तयार नाही. या सभागृहात त्या निवडणुकीत सांगोला तालुक्यात प्रचाराला गेलेले काही कार्यकर्ते बसलेले मला दिसत आहेत. वाड्या-वस्त्यांवर त्यांना काय ऐकायला मिळाले, ते त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर सांगावे. वही आणलेली आहे.